भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र : कोणी कोणाकडून काय उचलले?

अमरावती मार्ग (धागाकर्ता)

अर्व्हिंग फिशर यांच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात एक तक्ता आहे. उष्मागतिकी शिकवायला सुरुवात करताना तो मी आवर्जून फळ्यावर लिहितो. डावीकडे यंत्रशास्त्र आणि उजवीकडे अर्थशास्त्र अशी मांडणी असलेल्या या तक्त्यात कणासमोर व्यक्ती, अंतरासमोर वस्तू, बलासमोर सीमांत उपयुक्तता (वस्तूचा आणखी एक नग घेतल्याने वाढणारे समाधान) आणि ऊर्जेसमोर उपयुक्तता (एकूण समाधान) लिहिलेली आहे. बल सदिश (दिशा असलेले) असते म्हणून सीमांत उपयुक्तताही सदिश, ऊर्जा अदिश (दिशा नसलेली) म्हणून उपयुक्तताही अदिश, इतक्या बारकाव्यापर्यंत ही जोडी लावलेली आहे. येलमध्ये फिशर ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांपैकी एक जोसाया विलार्ड गिब्ज, म्हणजे ज्यांच्या नावाची मुक्त ऊर्जा आपण वर्गात शिकवतो तेच. पुढे फिशर यांनी पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तरफा जोडून बाजारातील किमती कशा ठरतात हे दाखवणारे एक यंत्रही बनवून घेतले. हा तक्ता पाहून मुले हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही.

कारण फिशर एकटे नव्हते. जेव्हन्स यांनी १८७१ च्या ग्रंथात विनिमयाचे समीकरण तरफेच्या समतोलाशी ताडून दाखवले. वालरा यांनी ऐन तारुण्यात प्वांसो यांचे स्थितिकीवरील पुस्तक वाचले होते आणि १८७४ पासून त्यांनी उभारलेल्या सार्वत्रिक समतोलाच्या (सर्व बाजार एकाच वेळी समतोलात येण्याच्या) सिद्धांतावर त्या वाचनाची छाप स्पष्ट दिसते. एजवर्थ यांना १८८१ मध्ये खगोलीय यांत्रिकीच्या शेजारी सामाजिक यांत्रिकीला मानाचे स्थान मिळेल अशी आशा होती. पॅरेटो तर मूळचे अभियंते. त्यांचा तुरिन येथील प्रबंध घन पदार्थांच्या स्थितिस्थापक समतोलावर होता आणि नंतर त्यांनी रेल्वेत नोकरी केली.

माझा मुद्दा या यादीच्या पुढचा आहे. यांत्रिकीत बलावरून स्थितिज ऊर्जा काढता येते ती एका अटीवर : एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत कोणत्याही वाटेने गेले तरी होणारे कार्य तेवढेच भरले पाहिजे. ग्राहकाच्या भाषेत याचा अर्थ असा की आधी ज्वारी घेऊन मग कापड घेतले काय किंवा उलट क्रमाने घेतले काय, समाधानाची एकूण बेरीज बदलता कामा नये. १९०६ साली पॅरेटो यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना गणितज्ञ व्हिटो व्होल्टेरा यांनी नेमके येथे बोट ठेवले. वस्तू दोनपेक्षा जास्त झाल्या की अशी बेरीज अस्तित्वात आहे हे आपोआप ठरत नाही. शिवाय भौतिकीत स्थितिज आणि गतिज ऊर्जा मिळून काहीतरी कायम राहते. उपयुक्तता आणि खर्च मिळून काय कायम राहते, या प्रश्नाकडे त्या पिढीने जवळजवळ पाहिलेच नाही. फिलिप मिरोवस्की यांनी १९८९ मध्ये याच त्रुटीवर मोठा ग्रंथ लिहून खळबळ उडवून दिली.

थोडक्यात, अर्थशास्त्राने समतोल उचलला, पण ज्या जमाखर्चामुळे भौतिकीतील समतोल तपासून पाहता येतो तो जमाखर्च मागे ठेवला, असे माझे मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

धंतोली

धागाकर्त्यांची मांडणी वाचनीय आहे; मात्र ती अर्थशास्त्राला पहिल्या ओळीपासून विद्यार्थ्याच्या बाकावर बसवते, हे मला मान्य नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरावा.

न्यूटन यांचा दबदबा अ‍ॅडम स्मिथ यांच्यावरही होता. खगोलशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापला गेला, आणि १७७६ च्या ग्रंथात सर्व वस्तूंचे भाव नैसर्गिक किमतीकडे गुरुत्वाने ओढले जातात अशी भाषा आहे. परंतु त्या ग्रंथात समीकरण नाही. खुद्द न्यूटन १६९६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, टांकसाळीच्या कारभारात होते. १७१७ साली त्यांच्या अहवालानंतर गिनी या सोन्याच्या नाण्याचा दर २१ शिलिंग ठरला, त्यात चांदीच्या मानाने सोन्याला जास्त भाव मिळाला, चांदी देशाबाहेर जात राहिली आणि ब्रिटन हळूहळू सुवर्णमानावर (सोन्यावर आधारलेल्या चलनावर) आला. एवढे होऊनही त्यांच्याकडून बाजाराचा गुरुत्वसिद्धांत काही निघाला नाही! उपमा उसनी घेणे आणि सिद्धांत उसना घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

व्होल्टेरा यांच्या आक्षेपाला उत्तर मिळाले आहे, याचा उल्लेख वरच्या लेखनात राहून गेला. १९३८ मध्ये सॅम्युएलसन यांनी मनातील समाधान मोजण्याचा नाद सोडून ग्राहक प्रत्यक्षात काय निवडतो यापासून सुरुवात केली, आणि १९५० मध्ये हौथॅकर यांनी दाखवले की त्या निवडी फिरून फिरून परस्परविरोधी होत नसतील तर त्यांच्यामागे उपयुक्ततेचे फलन मानता येते. यात ऊर्जा नाही आणि तिच्या अक्षय्यतेची गरजही नाही. सॅम्युएलसन यांचे शिक्षक एडविन बिडवेल विल्सन हे गिब्ज यांचे शिष्य होते आणि रसायनशास्त्रातील ले शाटेलिए यांचे तत्त्व सॅम्युएलसन यांनी उघडपणे वापरले, हे खरेच आहे. पण कमाल-किमान शोधण्याचे गणित भौतिकीच्या सातबाऱ्यावर चढलेले नाही.

आणखी एक. १९६९ साली अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले त्यांपैकी टिनबर्गन यांचा प्रबंध लायडेन येथे एरेनफेस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली झाला होता आणि त्याचा विषयच भौतिकी व अर्थशास्त्र यांतील किमानाचे प्रश्न हा होता. १९७५ चे मानकरी कूपमन्स यांच्या नावाचा १९३४ चा सिद्धांत आजही क्वांटम रसायनशास्त्रात शिकवला जातो. ही माणसे चोरपावलांनी आली नव्हती. रीतसर घर बदलून आली होती.

सरकी-रुई

मी या दोन्ही शास्त्रांतला नाही, जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यातला आहे. पण जमाखर्चाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

एक क्विंटल कापूस जिनात टाकला की साधारण ३४ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि किलो-दोन किलो घट जाते. हे आकडे जुळले नाहीत तर मुनीम घरी जात नाही. वजनाचा हिशेब इतका चोख बसतो. पैशाचा हिशेब असा कधीच बसत नाही. कापूस क्विंटलच्या भावाने घ्यायचा, रुई ३५६ किलोच्या खंडीच्या भावाने विकायची, सरकीचा भाव तेल आणि ढेपेच्या मागणीवर. त्यात सकाळी लिलावात बोली लावून घेतलेल्या मालाची किंमत संध्याकाळी वायदे बाजार पडला की खाली येते. वजन तेवढेच, गाठी तेवढ्याच, आणि कमी झालेली किंमत कोणाच्या खिशात गेली असे विचारले तर ती कोणाच्याच खिशात गेलेली नसते. धागाकर्ते म्हणतात तो न जुळणारा जमाखर्च हाच असावा.

माझा प्रश्न निराळा आहे. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात रुईचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो एक डॉलरच्या खाली आला. आमच्या मुलाला महाविद्यालयात घंटेच्या आकाराचा वक्र शिकवतात आणि बाजारभावांना तो लागू होतो असे सांगतात. ज्यांनी ते वर्ष काढले आहे त्यांना हे पटणे कठीण आहे.

उष्णतावहन

सरकी-रुई यांची शंका १९६३ मध्ये बेन्वा मॅन्डेलब्रो यांनी मांडली होती, आणि तीही कापसाच्याच भावांवरून. मात्र तो वक्र बाजारात कसा शिरला हे आधी पाहायला हवे, कारण येथे उसनवारीची दिशाच उलटते.

२९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या सिद्धांतावरील प्रबंध सादर केला. भाव पुढच्या क्षणी वर जाईल की खाली हे सांगता येत नाही, असे अनेक बारीक धक्के साठत जातात असे मानले तर किमतीच्या शक्यता कशा पसरतात, याचे समीकरण त्यांनी काढले. ते फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या समीकरणासारखेच निघाले. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राऊनियन गतीसाठी आइन्स्टाइन यांनी हेच गणित १९०५ मध्ये, बाशेलिए यांच्या कामाशी संबंध नसताना, मांडले. म्हणजे हे गणित पॅरिसच्या रोखेबाजारासाठी आधी लिहिले गेले आणि रेणूंसाठी पाच वर्षांनी. अर्थशास्त्रज्ञांनी मात्र बाशेलिए यांची दखल १९५० च्या दशकापर्यंत घेतली नाही. १९५९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील ऑस्बर्न या भौतिकशास्त्रज्ञाने शेअरबाजारातील ब्राऊनियन गतीवर निबंध लिहिला, त्यात किमतीऐवजी तिचा लॉगॅरिदम घेतला होता, कारण शंभर रुपयांच्या शेअरमधील दहा रुपये आणि हजाराच्या शेअरमधील दहा रुपये सारखे नसतात.

१९७३ चे ब्लॅक आणि शोल्स यांचे ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या) किमतीचे समीकरण चलांची अदलाबदल करून पुन्हा उष्णतावहनाच्या समीकरणात बदलता येते. फिशर ब्लॅक यांची पहिली पदवी भौतिकशास्त्रातील होती. बी.एस्सी.च्या ज्या मुलाला एका टोकाला तापवलेल्या दांड्याचे गणित येते त्याला हे समीकरण सोडवता येईल; फक्त काळ उलटा चालवावा लागतो, कारण दांड्याची सुरुवातीची स्थिती माहीत असते, तर ऑप्शनची किंमत तिच्या अखेरच्या दिवशी माहीत असते.

आता कापूस. मॅन्डेलब्रो यांना न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांची आकडेवारी मिळाली ती, वर धंतोली यांनी ज्यांचे नाव घेतले त्या हौथॅकर यांच्याकडून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या मध्यापर्यंतचे हे भाव तपासताना त्यांना दिसले की मोठ्या उड्या प्रसामान्य वितरणात (त्याच घंटाकृती वक्रात) बसतील त्याहून कितीतरी वारंवार येतात, आणि नमुन्याचा विस्तार वाढवला तरी विचरण (आकडे किती पसरले आहेत याचे माप) एका आकड्यावर स्थिरावत नाही. दिवसाच्या बदलांचा आलेख आणि महिन्याच्या बदलांचा आलेख योग्य प्रमाणात ताणला तर एकमेकांवर बसत होता. ज्या घातांकावरून शेपटाची, म्हणजे वक्राच्या मोठ्या उड्या दाखवणाऱ्या टोकाची, जाडी कळते तो सुमारे १.७ निघाला, प्रसामान्य वितरणासाठी तो २ असतो. पुढे शेअरबाजारांच्या मोठ्या आकडेवारीत शेपटाचा घातांक ३ च्या आसपास आढळला, त्यामुळे विचरण अनंत असल्याचा मॅन्डेलब्रो यांचा दावा शेअरना जसाच्या तसा लागू होत नाही. पण जाड शेपूट खरे आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. घंटाकृती वक्राच्या हिशेबाने असा दिवस विश्वाच्या आयुष्यातही येऊ नये.

तेव्हा सरकी-रुई, तुमच्या मुलाला सांगा की वक्राबद्दलची पहिली मोठी शंका रुईच्या भावांनीच उपस्थित केली होती.

झिरो माईल

फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे हे बाशेलिए यांच्या परीक्षकांपैकी होते, म्हणून एक छोटी भर. १९०१ मध्ये वालरा यांनी आपला ग्रंथ त्यांना पाठवला होता. समाधान मोजता येत नसले तरी त्यावर गणित करायला हरकत नाही, असे प्वांकारे यांनी कळवले. मात्र तुम्ही माणसांना अमर्याद स्वार्थी आणि अमर्याद दूरदर्शी मानता. पहिले गृहीतक ढोबळमानाने चालेल, दुसऱ्याबद्दल थोडे सांभाळून राहावे, अशा आशयाचा शेराही त्यांनी मारला. त्यानंतरच्या शतकातील बरीचशी टीका या शेऱ्यात आधीच आलेली आहे.

गांधीसागर

उष्णतावहन यांनी दिशा उलटल्याचे उदाहरण दिले. त्याहून जुने आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे उदाहरण केटले यांचे आहे. बेल्जियमचे हे खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातील चुकांसाठी वापरला जाणारा नियम त्यांनी माणसांच्या उंचीला, छातीच्या मापाला आणि अगदी गुन्ह्यांच्या आकड्यांना लावला. १८३५ च्या त्यांच्या ग्रंथातून ‘सरासरी माणूस’ जन्माला आला आणि ‘सामाजिक भौतिकी’ हे नावही रूढ झाले. १८५० मध्ये जॉन हर्शेल यांनी केटले यांच्या कामावर विस्तृत परीक्षण लिहिले. ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या वाचनात आले, आणि वायूतील प्रत्येक रेणूचा वेग शोधण्याऐवजी वेगांचे वितरण शोधण्याची जी कल्पना त्यांनी १८६० च्या निबंधात मांडली तिच्यामागे हे वाचन होते असे विज्ञानाचे इतिहासकार मानतात. एकट्या माणसाबद्दल काही सांगता येत नाही, पण समूहाबद्दल सांगता येते, ही गोष्ट भौतिकीला जनगणनेने शिकवली. सांख्यिकीय भौतिकी अर्थशास्त्रात आली असे आज आपण म्हणतो, तेव्हा एका अर्थाने ती माहेरी परत आलेली असते.

दुसरे उदाहरण आपल्या भागाशी जोडलेले आहे. तरफवाले जेव्हन्स यांना व्यापारी संकटे ठरावीक अंतराने का येतात हे कोडे सोडवायचे होते. १८७५ पासून त्यांनी ही संकटे सूर्यावरील डागांच्या चक्राशी जोडली. आधी हे चक्र ११.११ वर्षांचे मानले जात होते. नव्या अंदाजाने ते १०.४५ वर्षांवर आले, तेव्हा इंग्लंडमधील संकटांचे सरासरी अंतरही १०.४४ वर्षे भरते असे जेव्हन्स यांनी १८७८ मध्ये जाहीर केले. इतका जुळलेला आकडा पाहून कोणाही प्रयोगशाळेतील माणसाला संशय यावा! पण त्यांनी सांगितलेली कार्यकारणाची साखळी वाचण्यासारखी आहे. सूर्याच्या उष्णतेत फरक पडला की हिंदुस्थानातील पीक बुडते, अन्न महागले की येथील रयत लँकेशायरचे कापड घेणे बंद करते, आणि मँचेस्टरची दुकाने बसतात. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यात माणसे मेली ती मागणीतील घट म्हणून नोंदली गेली, हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीही पावसापासून परदेशी गिरणीपर्यंतचा दुवा त्यांनी ओळखला होता, हे नाकारता येत नाही. याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि वऱ्हाडचा कापूस जागेवरच कातला जाऊ लागला. जेव्हन्स यांच्या साखळीत हिंदुस्थान कापड विकत घेतो, विणत नाही. ज्या वर्षांत ते डाग मोजत होते त्याच वर्षांत ही साखळी मधूनच तुटायला लागली होती.

अमरावती मार्ग

गांधीसागर यांच्या प्रतिसादामुळे मला जे पुढे लिहायचे होते त्याला वाट मिळाली. धंतोली यांचे हौथॅकर यांच्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण त्याने माझा मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो : अर्थशास्त्राने अक्षय्यता सिद्ध केली नाही, तिच्यावाचून चालवून घेतले. आणि गंमत अशी की शंभर वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ पुन्हा आले तेव्हा त्यांनी नेमकी तीच अक्षय्यता सोबत आणली.

ही दुसरी पिढी आपल्या देशातही घडली. मेघनाद साहा आणि श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरील १९३१ च्या पाठ्यपुस्तकात रेणूंच्या वेगांचे वितरण समजावताना समाजातील उत्पन्नाच्या वाटणीचे उदाहरण दिलेले आहे. भौतिकीची रीत अर्थव्यवहारांना लावण्याच्या या प्रयत्नाचे ‘इकॉनोफिजिक्स’ हे नाव यूजीन स्टॅन्ली यांनी १९९५ मध्ये कोलकात्यातील परिषदेत पहिल्यांदा वापरले. २००० साली कोलकात्यातच जवळजवळ सारख्या आडनावांच्या दोन संशोधकांनी (चक्रबोर्ती आणि चक्रबर्ती) जे प्रारूप मांडले ते मी विद्यार्थ्यांकडून संगणकावर करून घेतो. हजार माणसे घ्या, प्रत्येकाला सारखे पैसे द्या. दर वेळी कोणतीही दोन माणसे निवडा, दोघांनी आपल्या पैशाचा काही हिस्सा बाजूला ठेवावा आणि उरलेले एकत्र करून यदृच्छेने वाटून घ्यावेत. दोघांची बेरीज व्यवहाराआधी जेवढी तेवढीच नंतर, जशी दोन रेणूंच्या टकरीत ऊर्जा. कोणी काहीच बाजूला ठेवत नसेल तर थोड्याच वेळात बहुसंख्य गरीब आणि मोजके श्रीमंत असे घातांकी वितरण तयार होते, जे बोल्ट्झमन आणि गिब्ज यांचेच आहे. सर्वांनी सारखा हिस्सा राखला तर मध्यमवर्गाचा फुगवटा दिसू लागतो. प्रत्येकाचे बचतीचे प्रमाण निराळे ठेवले तर श्रीमंतांच्या टोकाला पॅरेटो यांचा घातनियम (ज्यात मोठ्या रकमा घातांकी वितरणापेक्षा सावकाश विरळ होतात) उमटतो. कोणीही लबाडी केलेली नसते, सर्वांची सुरुवात सारखी असते, तरी पडद्यावर विषमता उभी राहते; मुले या वेळी हसत नाहीत.

सरकी-रुई

पण या खेळात कोणी काही पिकवत नाही. पेरणी नाही, गाठी बांधणे नाही, फक्त पैसे इकडचे तिकडे. आमच्याकडे याला धंदा म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.

धंतोली

सरकी-रुई यांनी एका वाक्यात जे लिहिले तेच २००६ मध्ये गॅलेगाटी, कीन, लक्स आणि ऑर्मरॉड या चौघांनी सविस्तर लिहिले होते. त्यांपैकी कोणी भौतिकशास्त्रज्ञांचे वैरी नव्हते, उलट त्या प्रयत्नांबद्दल सहानुभूती बाळगणारेच होते. औद्योगिक समाजात उत्पन्न निर्माण होते, केवळ हस्तांतरित होत नाही. त्यामुळे टकरीतील ऊर्जेप्रमाणे उत्पन्न अक्षय्य मानणे चूक आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरी अडचण मला त्याहून मोठी वाटते. या प्रारूपात बचतीचे प्रमाण माणसाला जन्मखुणेसारखे चिकटवलेले आहे. भाव पडणार असे दिसले की शेतकरी माल घरात भरून ठेवतो, रेणू ठेवत नाही.

आणि कर्जाचे काय? प्रारूपात कोणाचाही शिल्लक आकडा शून्याखाली जाऊ शकत नाही. विदर्भाच्या शेतीबद्दल बोलताना हे गृहीतक धरून चालणे मला शक्य नाही.

उष्णतावहन

उत्पादनाचा आक्षेप रास्त आहे. पण तो उत्पन्नाला लागतो, हातातील पैशाला लागत नाही. दोन माणसांच्या व्यवहारात नोटा निर्माण होत नाहीत, आणि मूळ प्रारूपांत अक्षय्य मानली आहे ती नोटांची बेरीज. सरकी-रुई यांच्या मुनिमाच्या भाषेत, हा वजनाचा हिशेब आहे, किमतीचा नव्हे.

कर्जाचा विचार द्रागुलेस्कू आणि याकोवेन्को यांनी २००० सालच्या निबंधातच केला आहे. प्रत्येकाला ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज काढू दिले तर वितरण घातांकीच राहते, मात्र ते शून्याच्या डावीकडे सरकते आणि अधिक पसरते. त्यांच्या परिभाषेत व्यवस्थेचे तापमान कर्जमर्यादेइतके वाढते, म्हणजे विषमता वाढते. मर्यादा काढून टाकली तर वितरण स्थिरावतच नाही, काही जणांचे आकडे वर आणि काही जणांचे खाली असे अखंड पसरत जातात. ती मर्यादा किती असावी हे मात्र समीकरणातून निघत नाही. ते पतपेढ्या, सावकार आणि रिझर्व्ह बँक ठरवतात, आणि तेथून पुढचे धंतोली यांनी लिहावे.